पोलीस ठाण्यापासून घरापर्यंत : प्रस्तावना

दारूच्या नशेत सख्ख्या भावाचं डोकं फोडलं म्हणून एखाद्याला संध्याकाळी ठाण्यात आणतात. पंधरा-वीस वर्षं रोज पिणारा माणूस. सकाळपर्यंत त्याचे हात थरथरू लागतात, अंगाला घाम फुटतो, पोटात काही ठरत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात. तिथे तो धड उत्तर देत नाही, तेव्हा कोणीतरी म्हणतं, ‘साहेब, नाटकं करतोय.’ कोठडी मिळते. दुसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेली आई हाका मारताना ऐकू येते, दिवस की रात्र कळत नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. शेवटचा घोट घेतल्यानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत ही अवस्था येते आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. औषधं महाग नाहीत. डायझेपाम किंवा लोराझेपाम, थायमिनची इंजेक्शनं, सलाइन आणि रात्रभर लक्ष ठेवणारी परिचारिका. थरथर सुरू होताच ओळखली, तर तालुक्याच्या रुग्णालयातही पुढचा धोका टाळता येतो आणि गरज पडल्यास वेळेत जिल्ह्याला पाठवता येतं. पण त्यासाठी तो शेवटचं कधी प्यायला हे ठाण्यात कोणीतरी विचारायला हवं आणि लिहून ठेवायला हवं.

ठाणं, न्यायालय, तुरुंग आणि तिथून परत घर या वाटेवर माणसाच्या मनाचं आणि व्यसनाचं काय होतं, आणि ते सांभाळायची जबाबदारी कोणाची, हा या संग्रहाचा विषय आहे. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत या कामाला स्वतंत्र अधिकारी, स्वतंत्र निधी आणि कुठे कुठे स्वतंत्र न्यायालयंही आहेत. आपल्याकडे ते तुकड्यातुकड्यांनी चालतं : थोडं जिल्हा रुग्णालयात, थोडं विधी सेवा प्राधिकरणात, थोडं एखाद्या संस्थेतल्या समाजकार्यकर्त्याच्या जिवावर. स्किझोफ्रेनिया किंवा टोकाचं नैराश्य असलेला आरोपी, दारू-गांजा-गोळ्यांत अडकलेला, बौद्धिक अक्षमता असल्याने आपल्यावरचा आरोपही न समजणारा, अटकेच्या धक्क्याने जीव द्यायला निघालेला, वर्षानुवर्षं मार खाऊन शेवटी हात उगारलेली बाई, ही सगळी माणसं या विषयाच्या कक्षेत येतात. त्यांचे आजार वेगवेगळे आहेत, पण त्यांना गाठायची जागा एकच आहे.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून दोन अभ्यासांचा उल्लेख पुरेसा आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात ५,०२४ कैद्यांची तपासणी केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ ८० टक्के कैद्यांना मनोविकार किंवा व्यसनाचा विकार होता. व्यसनं बाजूला काढली तरी २७.६ टक्के उरले. त्याच दशकातल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१५-१६ मध्ये, सर्वसाधारण प्रौढांतलं हे प्रमाण १०.६ टक्के निघालं होतं. तपासणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे थेट शेजारी ठेवून भागाकार करू नये. तरीही तुरुंगात आजार दाटून आलेला आहे, याविषयी शंका राहत नाही.

तो तिथे दाटला कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. इंग्रजांनी १८५८ मध्ये वेड्यांसंबंधीचे पहिले कायदे केले, मग १९१२ चा कायदा आला. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा इथली मनोरुग्णालयं त्याच काळातली. कायद्याला चिंता होती ती समाजाच्या बंदोबस्ताची. रस्त्यावर भटकणारा वेडसर माणूस पोलिसांनी धरायचा, दंडाधिकाऱ्यांनी पाठवायचा आणि जागा नसेल तिथे सरळ तुरुंगात ठेवायचा, ही रीत स्वातंत्र्यानंतरही कित्येक राज्यांत चालू राहिली. आसाममधल्या माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली, मनोरुग्णालयात नेलं, बरे झाल्याचं कळवूनही खटला उभा राहिला नाही. ते सुटले २००५ मध्ये, ५४ वर्षांनी. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत कोणताही गुन्हा नसताना डांबलेल्या मनोरुग्णांची बाजू घेऊन शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने ही प्रथाच घटनाबाह्य ठरवली. याच शीला बारसे यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांबाबतचा निकाल आला होता. मुंबईतल्या एका पत्रकार बाईने कोठडीतल्या बायकांशी बोलून जे लिहिलं, त्यातून देशाच्या कायद्याला वळण मिळालं. विधी महाविद्यालयांत हे निकाल शिकवतात. पोलीस प्रशिक्षणातही ते तितक्याच नेटाने शिकवले पाहिजेत.

आमच्या खानदेशाला या इतिहासाचा आणखी एक पदर आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना लुटारू म्हणून गोळ्या घालत होते, त्यांनाच गणवेश आणि पगार देऊन शांत करायचं, असं ते धोरण. इंग्रजी दप्तरात ते यशाचं उदाहरण म्हणून नोंदलं गेलं. पण जंगल आणि जमीन गेल्यावर आलेल्या भुकेला त्या दप्तराने भिल्लांचा स्वभाव म्हटलं, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पारध्यांच्या पालावर पहाटे धाड पडते तेव्हा तो मनातून गेलेला नाही हे दिसतं. आज गुन्ह्याकडे वर्तनाच्या आणि मानसशास्त्राच्या अंगाने पाहताना ही जुनी चूक नव्या शब्दांत परत येण्याचा धोका आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक तरुण समुपदेशकाने तो ओळखून असावं. तपासायचा तो माणूस, त्याची जात किंवा पाडा नव्हे.

तुरुंग हे माणूस घडवण्याचं ठिकाण होऊ शकतं, हा विचारही आपल्याकडे जुना आहे. त्यातली एक थोर गोष्ट आमच्या पारोळ्यापासून तासाभराच्या अंतरावर घडली. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ऐकणाऱ्यांत राजबंदी होते. सात वर्षांनी, १९३९ मध्ये, औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने खुनाच्या गुन्ह्यातले कैदी भिंतीविना, कुटुंबासह, शेती करत राहू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ या शांतारामबापूंच्या १९५७ च्या चित्रपटामागे तीच प्रेरणा होती. पुढे १९९४ मध्ये तिहारमध्ये हजारावर कैद्यांचं विपश्यना शिबिर झालं, आणि इगतपुरीहून निघालेली ती साधना अनेक तुरुंगांत पोचली. या परंपरेविषयी मनात आदर आहे. तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. ज्याला आवाज ऐकू येतात त्याला दहा दिवस मौनात बसवणं घातक ठरू शकतं, आणि ज्याला औषध लागतं त्याला प्रवचन पुरत नाही. संस्कार आणि साधना हा उपचाराचा शेजार आहे. उपचाराच्या जागी त्याला बसवलं की तुरुंग प्रशासनाला स्वस्तात सुटका मिळते.

कायद्याची एक आणि तुरुंगातल्या संस्कारांची दुसरी, या दोन धारांनंतर महाराष्ट्रातली तिसरी धारा समाजकार्याची, आणि माझ्या मते सर्वांत कसदार. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईशी बोलायला ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित कार्यकर्ती बसवायची, ही कल्पना तेव्हा नवी होती. नंतर राज्य सरकारने ती उचलून अनेक जिल्ह्यांत नेली. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी येरवड्याला मुक्तांगण उभारलं. पुलं आणि सुनीताबाईंचा आधार त्यामागे होता. तोवर गर्दुल्ला म्हणजे पोलिसांचं गिऱ्हाईक होता; तो रुग्ण आहे, हे मराठी मध्यमवर्गाने मुक्तांगणमुळे स्वीकारलं. १९९० मध्ये सनोबर साहनी यांच्या पुढाकाराने ‘प्रयास’ सुरू झाला. या प्रकल्पाचे कार्यकर्ते तुरुंगात आणि न्यायालयात जाऊन कच्च्या कैद्याला वकील मिळवून देतात, घरी निरोप पोचवतात, सुटल्यावर काम आणि निवारा शोधायला मदत करतात. वरवर पाहता यात मानसोपचार नाही. पण तीन महिन्यांत ज्याच्या मुलाखतीला कोणी आलेलं नाही, ज्याला पुढची तारीख माहीत नाही, त्याच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणजे घरी गेलेला फोनच असतो.

चौथी धारा वळवण्याची, म्हणजे आजारी माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊच न देण्याची. तिचा पाया अमेरिकेत घातला गेला. मेम्फिस शहरात १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीने एका मनोरुग्ण तरुणाचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र आले आणि निवडक पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण देणारी योजना निघाली. फ्लोरिडातल्या मायामीत १९८९ मध्ये व्यसनी आरोपींसाठीचं न्यायालय, त्याच राज्यातल्या ब्रॉवर्ड परगण्यात १९९७ मध्ये मनोरुग्णांसाठीचं न्यायालय आणि २००० पासून मायामीतच न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांचा प्रकल्प, असा हा क्रम. २००६ मध्ये म्युनेट्झ आणि ग्रिफिन यांनी या सगळ्याचा नकाशा मांडला : पोलिसांशी गाठ, पहिली हजेरी, तुरुंग, सुटका, सुटकेनंतरची देखरेख. यातल्या प्रत्येक टप्प्यावर माणसाला उपचाराकडे नेता येतं, आणि जितक्या लवकर न्याल तितकं चांगलं. या न्यायालयांवर आक्षेपही आहेत. उपचार घे नाहीतर आत जा, असं बजावल्यावर दिलेली संमती खरी कितपत, हा प्रश्न तिथल्या वकिलांनी वारंवार विचारला आहे. आपण ही रचना उचलायची तर तो प्रश्नही सोबत उचलावा लागेल.

वळवण्यासाठी लागणारे कायदे आपल्याकडे नाहीत असं समजू नये. १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर या विषयापुरता जगातल्या पुरोगामी कायद्यांच्या पंक्तीत बसावा. कलम १०० सांगतं, की स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण सापडला तर पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं, कोठडीत ठेवू नये. कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना हवी, आणि तुरुंगाच्या डॉक्टरने दर तिमाहीला पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा. कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार मानत नाही. हे कायदे ठाण्याच्या दारात का थबकतात, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

त्याचं उत्तर पारोळ्यासारख्या तालुक्यातून नीट दिसतं. आमचा जिल्हा जळगाव, पण धुळं जवळ. आजारी माणसाला घरचे धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवतात. त्याच माणसाला अटक झाली की त्याची रवानगी जळगावच्या तुरुंगाकडे होते. धुळ्याचा केसपेपर जळगावला पोचत नाही, चालू असलेली गोळी बंद पडते आणि आठवड्याभरात आजार उसळतो. चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं खानदेशाबाहेर, शेकडो किलोमीटरवर. न्यायालयाने तिकडे पाठवायचा आदेश दिला तरी पोलीस गार्ड, गाडी आणि खाट या तिन्ही गोष्टी एका दिवशी जुळाव्या लागतात. त्यात घरच्यांनी आधी भगताकडे दोन-चार महिने घालवलेले असतात. बाहेरचं आहे, वारं आहे, असं ऐकत ऐकत दिवस जातात. त्यांना हसू नये. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तिथे जवळ असेल त्याच्याकडेच माणूस जाणार.

नशेचं स्वरूपही बदललं आहे. हातभट्टी जुनीच. आता महामार्गावरून गांजा जातो. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला गांजाच्या शेतीवर पोलिसांचे छापे पडत राहतात. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलाम आता पोरांच्या खिशात सापडते. ही गोळी मोठ्या मात्रेत घेणाऱ्याची ती अचानक तोडली तर दारूसारखीच फिट येते. कोठडीत ती अचानकच तुटते.

तुरुंगाच्या आतली स्थिती थोडक्यात सांगता येते. देशातल्या कैद्यांपैकी दर चारात तिघे कच्चे कैदी आहेत. मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगात क्षमतेच्या कित्येक पट माणसं राहतात. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या आवृत्तीप्रमाणे देशभरातल्या ५ लाख ७० हजार कैद्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून २५ जण होते. आणि मनोरुग्ण कैदी इतरांपेक्षा जास्त काळ आत राहतो. तो खटल्याला उभा राहण्याच्या स्थितीत नाही असं ठरलं की खटला थांबतो. त्याला घरी सोडायचं तर जबाबदारी घेणारं माणूस लागतं. आणि आजारामुळेच घर तुटलेलं असतं. जामीन मंजूर होऊन जामीनदाराअभावी पडून राहिलेली अशी माणसं तुरुंगात जाणाऱ्या कोणत्याही वकिलाने पाहिलेली असतात.

मग हे पुस्तक आत्ताच का? १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा आणली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ भरल्यावर सुटकेचा मार्ग दिला, आणि त्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले अंगावर असलेल्यांना तो लागू नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपीला मोफत वकील देणारी लोक अभिरक्षक कार्यालयं उघडली आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चालू आहे. रात्री दोनला ठाण्यातून हवालदारही तो फिरवू शकतो. प्रत्येक खात्याची घडी नव्याने बसत असताना मनोआरोग्याची कलमं त्यात बसवून घेतली नाहीत, तर पुढची वीस वर्षं ती पुन्हा कागदावर राहतील.

माझं ठाम मत असं, की तज्ज्ञांची उणीव मोठी असली तरी सर्वांत मोठी उणीव एका जबाबदार माणसाची आहे. पोलीस गृहखात्याचे, रुग्णालय आरोग्य खात्याचं, परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकासाचा, न्यायालय उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत. कैदी या सगळ्यांच्या हातातून जातो आणि त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. जिल्ह्यात असा एक अधिकारी हवा, ज्याला दर सकाळी कोठड्यांतली आणि तुरुंगातली नव्या माणसांची यादी मिळेल, ज्याला डॉक्टरला बोलावण्याचा अधिकार असेल आणि सुटणाऱ्या कैद्याची गोळी व पत्ता दोन्ही ज्याच्या वहीत असतील. तो मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे असं नाही. त्याला पोलिसांशी पोलिसांच्या भाषेत, न्यायाधीशांशी कायद्याच्या भाषेत आणि पोलीस पाटलाशी अहिराणीत बोलता आलं पाहिजे. असं नेतृत्व कसं घडतं, ते कुठे मोडून पडतं, पैसा कुठून येतो, आणि सुरक्षा आणि उपचार यांत ताण आला की निर्णय कोणी करायचा, हे प्रश्न हा संग्रह धसाला लावू पाहतो.

त्यात वकील, परिचारिका, पोलीस, तुरुंगाधिकारी आणि स्वतः आत राहून आलेली माणसं लिहितात. त्यांचं एकमेकांशी जुळत नाही, आणि ते जुळवून घ्यायचा आग्रह धरलेला नाही. तुरुंगाधिकाऱ्याला जे कैद्याचं जबरदस्तीने केलेलं संरक्षण वाटतं, ते कैद्याला अंधाऱ्या खोलीतली शिक्षा वाटते. दोघांचंही म्हणणं वाचकासमोर आहे. बालगुन्हेगारीचा विषय इथे नाही, तो वेगळ्या कायद्याचा आणि वेगळ्या पुस्तकाचा आहे. फाशीच्या कैद्यांबाबतही फार काही नाही, जरी २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे फाशी रद्द केली, हा या क्षेत्रातला मोठा निर्णय आहे. भर आहे तो चोरी, मारामारी, दारू आणि घरगुती हिंसा या रोजच्या गुन्ह्यांवर, कारण तुरुंगात ये-जा करणारी बहुतेक माणसं तिथून येतात. पीडितांना यात स्थान काय, असंही कोणी विचारेल. नवऱ्याची दारू सुटावी असं सर्वांत जास्त ज्या बाईला वाटतं, तिच्याच डोक्याला टाके पडलेले असतात. तिला संरक्षण आणि त्याला उपचार, या दोन मागण्यांपैकी एक निवडा, असं तिला सांगायचा कोणाला अधिकार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपण ठाणे अंमलदार असाल, तर अटक केलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारून डायरीत लिहा : शेवटची नशा कधी केली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, जीव द्यावासा वाटतो का. वकील असाल, तर पहिल्याच रिमांडला मानसिक तपासणीचा लेखी अर्ज द्या. न्यायदंडाधिकारी असाल, तर समोरचा माणूस थरथरत असेल तेव्हा कागदावरून नजर उचलून त्याच्याकडे पाहा. आणि यातलं कोणीच नसाल, तर गल्लीत तुरुंगातून सुटून आलेला माणूस असेलच. त्याला उद्याच्या गोळीसाठी रुग्णालयापर्यंत सोबत करा.